मधला ब्रिज

दादर म्हणजे जिना. माळ्यावर नेणाऱ्या लाकडी पायऱ्यांना आमची आजी दादरच म्हणायची. ‘दादर धरून चढ, हात सोडू नकोस.’ त्यामुळे वडील पहिल्यांदा म्हणाले, ‘उद्या आपल्याला दादरला जायचंय,’ तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक भलाथोरला जिनाच उभा राहिला. २००३ सालचा मे महिना. मी दहा वर्षांचा. संगमेश्वरला दादर पॅसेंजरमध्ये बसलो, डब्यात आंब्याच्या पेट्यांवर पाय ठेवून आलो, उतरलो, आणि समोर खरोखरच जिना होता. त्याच्यावर इतकी माणसं होती की पायऱ्या दिसत नव्हत्या. नुसती डोकी वर चढताना दिसत होती.

त्याला मुंबईची माणसं ब्रिज म्हणतात. दादर स्टेशनवर पूल एकापेक्षा जास्त आहेत, उत्तरेच्या टोकाला मोटारींचा टिळक पूलही आहे. पण आमच्या घरात ‘मधला ब्रिज’ म्हटलं की हाच. पोलादी अंग, डोक्यावर पत्रा, दोन्हीकडे कठडा. कठड्याचा वरचा दांडा लाखो तळहातांनी घासून असा गुळगुळीत झालाय की पावसाळ्यात तो ओला आहे की नुसताच चकाकतोय ते हात लावल्याशिवाय कळत नाही. देखणा म्हणावा असं त्याच्यात काही नाही. मुंबईला आलेला माणूस त्याचा फोटो काढत नाही, गावी जाऊन त्याच्याबद्दल सांगत नाही. सांगतो तो लोकलबद्दल: कसा लोंबकळलो, कसा आत ढकललो गेलो. पण लोकल तुम्हाला नेते. एकदा आत शिरलं की तुमचं काम उभं राहण्याचं. ब्रिजवर तुम्हाला स्वतःला चालावं लागतं, आणि हजारोंच्या पावलांत पाऊल मिसळून चालावं लागतं. ज्याला हे जमलं त्याला मुंबईत फिरता आलं, असं मला फार मनापासून वाटतं.

मला ते मामांनी शिकवलं. मामा लालबागला चाळीत राहायचे. गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा तिशीचे होते, आणि त्यांच्यासाठी गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. मधली काही वर्षं कशी गेली ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. नंतर दादरच्या फूलबाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहायचं काम मिळालं. त्या दिवसापासून करी रोडहून पहाटेची लोकल, दादरला उतरायचं, ब्रिज चढायचा, पश्चिमेला उतरायचं. दुपारी उलट. वीस-बावीस वर्षं, दिवसातून दोनदा. मामांचं ब्रिजशी जे नातं होतं ते माझ्या पाहण्यात फक्त शेतकऱ्याचं बांधाशी असतं.

त्यांनी मला त्या मे महिन्यात तीन गोष्टी सांगितल्या. चढताना वर बघायचं, उतरताना खाली. थांबायचं असेल तर आधी कडेला व्हायचं, मग थांबायचं. मधे कधीच उभं राहायचं नाही. आणि चुकामूक झाली तर कुठेही शोधत फिरायचं नाही, ब्रिजवर यायचं.

तिसरी गोष्ट त्याच आठवड्यात उपयोगाला आली. आत्या गिरगावात राहायची. तिच्याकडे जायचं ठरलं होतं, आणि ती स्टेशनवर घ्यायला येणार होती. निरोप होता, ‘चार नंबरवर, ब्रिजच्या खाली.’ आम्ही चार नंबरवर उभे राहिलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. आत्याही चार नंबरवरच उभी होती. पण ती पश्चिम रेल्वेच्या चार नंबरवर आणि आम्ही मध्य रेल्वेच्या. दोन्ही चार नंबर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, मधे रूळ आणि उभ्या गाड्या. मोबाइल कुणाकडेच नव्हता. शेवटी वडील म्हणाले, ‘मामा काय म्हणाला होता?’ आम्ही वर चढलो. आत्या कठड्याला टेकून उभी होती, हातात पिशवी, डोळ्यांत पाणी. तिलाही हे कुणीतरी कधीतरी सांगितलं असणार.

दोन चार नंबर असण्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेली ती जीआयपी कंपनीने. त्यानंतर दशकभराने बेटाच्या पश्चिम अंगाने रूळ टाकले ते बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीने. दोघींची स्टेशनं वेगळी, तिकिटं वेगळी, साहेब वेगळे. गिरगाव एकीच्या वाटेवर, भायखळा-परळ दुसरीच्या. आणि दादरला दोघींचे रूळ शेजारी शेजारी आले. ५ नोव्हेंबर १९५१ला एकीची मध्य रेल्वे झाली, दुसरीची पश्चिम रेल्वे झाली, कंपन्या गेल्या; पण दोन चुली तशाच राहिल्या. रेल्वेच्या कागदांवर आजही दादर ही दोन स्टेशनं आहेत, एकाची खूण डीआर, दुसऱ्याची डीडीआर. माणसांसाठी ती एक करण्याचं काम ब्रिज करतो. करी रोडला काढलेलं तिकीट चर्नी रोडपर्यंत चालतं, मधे फक्त ब्रिज ओलांडायचा.

९ डिसेंबर २०२३ला फलाटांचे नंबर बदलले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्यचे आठपासून चौदापर्यंत झाले. आम्ही ज्या चार नंबरवर ताटकळलो होतो तो आता दहा आहे. ही बातमी वाचली तेव्हा मी आत्याला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘बरं झालं रे. कितीजण चुकले असतील.’ बाहेरून येणाऱ्या माणसासाठी या शहराने अलीकडे केलेल्या चांगल्या कामांत मी हे काम फार वर धरतो. कुठे काही बांधलं नाही, कुणाला हलवलं नाही. पाट्या बदलल्या, आणि उद्घोषणा ऐकून बिचकणाऱ्या, दोन पिशव्या नि एक म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या पाहुण्याच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं.

ब्रिजला आवाज आहे. खालून दोन्ही बाजूंच्या उद्घोषणा एकाच वेळी वर येतात, मराठी, हिंदी, इंग्रजी एकमेकांत अडकलेल्या. पायाखाली फास्ट गाडी गेली की लोखंड थरथरतं, ते तळपायापासून गुडघ्यापर्यंत जाणवतं. आणि या सगळ्याच्या वर चपलांचा आवाज. मामा नुसत्या चपलांच्या आवाजावरून सांगायचे, पश्चिमेला गाडी आली की मध्यला. पश्चिमेची गाडी आली की आवाज समोरून वाढत येतो, आणि आपण पश्चिमेकडे चाललो असलो तर दोन मिनिटं कठड्याला लागून राहायचं. लाट जाऊ द्यायची. ब्रिजवर दोन गाड्यांची माणसं एकदम आली तर जिन्याच्या तोंडाशी गाठ बसते; ती ढकलून सुटत नाही, पुढच्या चार पायऱ्या मोकळ्या झाल्या की आपोआप सुटते. जुन्या माणसांना हे ठाऊक असतं. ती गाठीत शिरली की खांदे आवळतात, पिशवी पोटाशी धरतात आणि अर्ध्या पावलाने चालतात. नवीन माणूस मोठं पाऊल टाकायला जातो आणि पुढच्याच्या टाचेवर पाय देतो.

पाहुण्याने कुठे वळायचं, हेही ब्रिजवरच ठरतं. लालबागला जायचं तर मध्यवरच राहायचं आणि स्लो लोकल धरायची. करी रोडला, चिंचपोकळीला फास्ट थांबत नाही. गिरगावला जायचं तर ओलांडून पश्चिमेवर, तिथून स्लो, आणि चर्नी रोडला उतरायचं. इंडिकेटरवर कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन का, हे मामांनी मला बोटाने हवेत दोन फाटे काढून दाखवलं होतं: कल्याणनंतर एक दक्षिणेकडे उतरतो, एक उत्तरेकडे चढतो. मुंबईतल्या माणसांना उत्तर-दक्षिण सहसा लागत नाही, त्यांना पूर्व-पश्चिम लागतं. ‘ईस्टला की वेस्टला?’ हा प्रश्न पत्त्याच्या आधी येतो. ब्रिजवर उभं राहिलं की ते समजावून सांगावं लागत नाही. सकाळी ऊन हिंदू कॉलनीच्या झाडांवरून येतं ती पूर्व. त्या बाजूला उतरलं की स्वामीनारायण मंदिर, खोदादाद सर्कल आणि टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली आणि ट्राम संपली, पण आजही टॅक्सीवाल्याला ‘टीटी’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. पश्चिमेला उतरलं की आधी नाकाला कळतं. शेवंती, निशिगंध, ओला पाला, ओलं गोणपाट. पुढे रानडे रोडची गर्दी, छबिलदासची गल्ली, प्लाझा, शिवाजी मंदिर. गावाकडून फक्त नाटक बघायला येणारी माणसं मी ब्रिजवर पाहिली आहेत. नाटक सुटल्यावर ती ब्रिजवरून पळतात, कारण पलीकडे कर्जतची गाडी लागलेली असते. आणि पळता पळता तिसऱ्या अंकाबद्दल बोलत असतात.

फूलबाजाराबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ब्रिजचा खरा स्वभाव पहाटे दिसतो. तुळशी पाइप रोडवर, म्हणजे आताच्या सेनापती बापट मार्गावर, रात्री नाशिक, पुणे, साताऱ्याकडचे टेंपो लागतात. मीनाताई ठाकरे फूल मंडईत दिवे लागलेले असतात तेव्हा बाकी दादर झोपलेलं असतं. पहिल्या गाड्यांतून उतरतात ते सगळे फुलांचे लोक. कल्याण-डोंबिवलीकडच्या हारवाल्या बायका, देवळांचे पुजारी, लग्नाची सजावट करणारी पोरं. जाताना हात मोकळे, येताना डोक्यावर झेंडूची गोण, काखेत गुलाबाच्या जुड्या, ओल्या फडक्यात मोगरा. दिवसाच्या गर्दीत नुसतं ‘चला, चला’ ऐकू येतं. पहाटेच्या ब्रिजवर माणसं एकमेकांच्या ओझ्याला हात लावतात. जिन्याच्या पायथ्याशी एखादी बाई थांबते, मागून येणारा न विचारता गोण उचलून तिच्या डोक्यावर देतो आणि पुढे जातो. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. सहाच्या सुमाराला पायऱ्यांच्या कोपऱ्यांत पाकळ्या साचलेल्या असतात. आठ वाजता ऑफिसची माणसं येतात तोवर त्या तुडवून काळ्या झालेल्या असतात.

या ब्रिजचा एक धाकटा भाऊ दक्षिणेला होता. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांना जोडणारा. तिथेही तेच, एका बाजूला मध्य, दुसऱ्या बाजूला पश्चिम. तो बांधला गेला तेव्हा त्या भागात गिरण्या होत्या, आणि गिरणीची बरीचशी माणसं चाळीतून चालत कामाला जात. गिरण्या बंद झाल्या, त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती आल्या, आणि त्या इमारतींत काम करणारी माणसं विरार, बदलापूरहून लोकलने येऊ लागली. माणसं किती वाढली! जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी एकाएकी जोराचा पाऊस आला. भिजायला नको म्हणून माणसं जिन्यावरच थांबली, खालून गाड्या येत राहिल्या, नवी माणसं चढत राहिली. २३ माणसं गेली.

मामा त्या वेळी गाळ्यावर होते. खंडेनवमीचा दिवस, बाजाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. मी फोन केला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ‘पाऊस होता का रे तिकडे?’ त्या संध्याकाळी ते ब्रिजवर चढले नाहीत. टिळक पुलावरून, मोटारींच्या कडेने चालत पूर्वेला आले आणि तसेच पायी लालबागला गेले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतली दुसरी, ‘मधे थांबायचं नाही,’ ही मला तोवर शिस्तीची गोष्ट वाटायची. त्या दिवशी मला तिचा अर्थ कळला. जिथे पन्नास हजार माणसं जातात तिथे जिन्याची रुंदी हाताने मोजायची बाब राहत नाही. दोन हात कमी-जास्त म्हणजे कुणाचं तरी घर. पूल अरुंद आहे हे त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला रोज कळत असतं, आणि तरीही तो रुंद व्हायला माणसं मरावी लागतात, याचा मला आजही संताप येतो. मग लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सनी तिथे नवा पूल उभारला, आणि २७ फेब्रुवारी २०१८ला तो खुला झाला. चार महिन्यांत! पुढे एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला मोटारींचा जुना पूलही पाडण्यासाठी बंद केला, आणि त्याच्या वाटचा भार करी रोडच्या आणि टिळक पुलावर आला.

वर्षातल्या एका दिवशी मधला ब्रिज पूर्णपणे पाहुण्यांचा असतो. राजगृह पूर्वेला, हिंदू कॉलनीत. चैत्यभूमी पश्चिमेला, समुद्राच्या काठी. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांना राजगृहातून दादर चौपाटीवर नेलं, आणि तेव्हापासून दर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातून, मराठवाड्यातून, देशभरातून माणसं दादरला उतरतात. पांढरे कपडे, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडं, त्यात दोन दिवसांच्या भाकरी. यांतल्या कितीतरी जणांनी मुंबईत याखेरीज दुसरं काही पाहिलेलं नसतं. रोजच्या ब्रिजला जी घाई असते ती त्या दिवशी नसते. तो सावकाश चालतो. म्हातारी माणसं पायरी पायरी करत चढतात, मागचे थांबतात, आणि ढकलत कुणी नाही. एका वर्षी मी अशाच एका आजींच्या मागे होतो. त्या वर पोचल्या, दोन्ही बाजूंचे रूळ पाहिले आणि शेजारच्या नातवाला म्हणाल्या, ‘बाबासाहेब इथूनच जात असतील काय रे?’ नातू म्हणाला, ‘असतील.’ त्या कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. परतताना हीच माणसं ब्रिजवरून येतात तेव्हा त्यांच्या पिशव्या शिवाजी पार्कच्या स्टॉलवर घेतलेल्या पुस्तकांनी जड झालेल्या असतात.

आता दादरला यायच्या वाटाही बदलल्या. आमची रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यालाच थांबू लागली. कोकणातला माणूस तिथे उतरतो आणि सामान घेऊन लोकलमध्ये चढतो. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो कफ परेडपर्यंत गेली, म्हणजे दादरहून गिरगावला जमिनीखालून जाता येतं, थंड हवेत, बसायला जागा मिळते. आत्याकडे जाताना मी आता तसाच जातो. लालबागला जाताना मात्र अजून ब्रिजच.

मामांनी काम सोडून आता काही वर्षं झाली. गेल्या दसऱ्याच्या आदल्या पहाटे ते म्हणाले, ‘चल, झेंडू मीच निवडतो, तुला जमायचं नाही.’ करी रोडहून लोकल घेतली. दादरला उतरलो आणि जिन्याशी आलो. सरकत्या जिन्याकडे मी हात केला, पण ते नेहमीच्या पायऱ्यांकडे वळले. वर बघून चढले. अर्धं अंतर चालल्यावर, पश्चिमेच्या रुळांच्या अलीकडे, एकदम उभे राहिले. कडेला न होता, बरोबर मधे.

मागून कल्याणची लाट येत होती. माझ्या कानांना चपला ऐकू आल्या. मी त्यांच्या मागे गेलो आणि दोन्ही हात त्यांच्या दोन्ही बाजूंना पसरले, २००३ साली त्यांनी कठड्याशी मला जसं धरलं होतं तसं. माणसं आली. आमच्यापाशी दोन वाटा झाल्या, डावीकडून नि उजवीकडून, आणि पुढे पुन्हा एक झाल्या. डोक्यावर गोण घेतलेला एक पोरगा ‘बाजू, बाजू’ करत अगदी जवळ आला, मामांना पाहिलं, आवाज खाली केला आणि कठड्याच्या कडेने वळून गेला. कुणी काही बोललं नाही.

मामांनी दम घेतला. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, दिसेना, म्हणून मला विचारलं, ‘किती वाजले?’

‘पाच पंचवीस.’

‘उजाडलं की भाव चढतो,’ ते म्हणाले. ‘चल.’